मुक्या जनावराची तरतूद आणि कायदा

मृत्युपत्र करावयाचे म्हटले की घर, शेत, दागदागिने आणि बँकेतील ठेव एवढ्याच गोष्टी आपल्या डोळ्यांपुढे येतात. परंतु आज गावोगावी एक निराळीच परिस्थिती दिसते. मुले नोकरीधंद्यासाठी मुंबईस, आखातात किंवा त्याहूनही दूर गेलेली असतात. घरी म्हातारी माणसे उरतात, आणि त्यांच्या सोबतीस दाव्याला बांधलेली एखादी गाय किंवा उंबऱ्यावर पडून राहणारा एखादा कुत्रा. अशा घरांतून धर्मगुरूंना वेळोवेळी विचारणा होते, ‘फादर, आमच्या मागे ह्या मुक्या जिवाचे कोण पाहील? थोडा पैसा त्याच्या नावे करून ठेवता येईल काय?’

हा प्रश्न ऐकून कित्येकांस हसू येते. आम्हांस मात्र तो हसण्यावारी नेण्याजोगा वाटत नाही. ज्या जनावराने दहा-पंधरा वर्षे आपली सेवा केली, त्याच्याविषयी अखेरच्या दिवसांत चिंता वाटणे हे चांगल्या अंतःकरणाचेच लक्षण होय. शिवाय ह्या प्रश्नाचा धागा पकडून आपण गेलो, तर कायद्याच्या एका मोठ्या तत्त्वापाशी जाऊन पोहोचतो. आणि तेथे आपल्या आत्म्याच्या शांतीसाठी अर्पण होणाऱ्या मिस्साचाही संबंध येतो. म्हणून ह्या आठवड्यात तोच विषय आम्ही घेतला आहे.

तक्रार करील कोण?

ज्यास आपण ट्रस्ट किंवा न्यास म्हणतो, त्याची मांडणी मुळात सोपी आहे. एक मनुष्य आपली मालमत्ता दुसऱ्याच्या हाती सोपवितो आणि तिसऱ्याच्या हितासाठी ती वापरण्यास सांगतो. पहिला तो न्यास करणारा, दुसरा तो विश्वस्त आणि तिसरा तो हिताधिकारी. पैसा विश्वस्ताच्या हाती असतो, परंतु तो त्याचा नसतो. त्याने तो खाऊन टाकला, तर हिताधिकाऱ्याने न्यायालयाचे दार ठोठवावयाचे. सर्व इमारत उभी आहे ती ह्या तिसऱ्या खांबावर.

इंग्लंडात १८०४ साली हे तत्त्व एका प्रसिद्ध दाव्यात स्पष्ट झाले आणि पुढच्याच वर्षी लॉर्ड एल्डन यांनी ते कायम केले. एका बाईने आपली शिल्लक मालमत्ता डरहॅमच्या बिशपांच्या स्वाधीन करून, त्यांच्या मनास येतील त्या परोपकाराच्या व औदार्याच्या कामी ती खर्चावी असे मृत्युपत्रात लिहिले होते. बिशपांच्या सचोटीविषयी कोणास शंका नव्हती. तरीही न्यायालयाने ती तरतूद रद्द ठरविली. दानधर्माची कायद्यातील व्याख्या ठराविक आहे, आणि ‘औदार्य’ हा शब्द तीत बसत नाही. तेव्हा हा न्यास धर्मादाय नव्हे. आणि धर्मादाय नसेल, तर ज्याच्या बाजूने न्यायालय हुकूम देऊ शकेल असा कोणीतरी निश्चित मनुष्य असलाच पाहिजे, असे न्यायाधीशांनी सांगितले.

आता हीच कसोटी आपल्या गाईस लावून पाहा. विश्वस्ताने पेंड आणली नाही आणि पैसा स्वतःच्या घरी वापरला, तर गाय वकील कशी देणार? तिच्यासाठी ठेवलेला पैसा म्हणजे मालक नसलेला पैसा, असेच कायद्याच्या दृष्टीने होते.

इंग्रज न्यायाधीशांनी केलेली सवलत

नियम असा कडक असूनही इंग्लंडच्या न्यायालयांनी काही थोड्या बाबतींत तो ढिला केला. १८४२ साली अशाच एका मृत्युपत्राचा विचार झाला. मालकाने आपल्या आवडत्या काळ्या घोडीसाठी वर्षास ५० पौंड ठेवले होते. तिचे नाल काढावेत, तिला कुरणात मोकळी सोडावी, पुन्हा कधी तिच्यावर स्वार होऊ नये किंवा तिला गाडीस जुंपू नये, अशी त्याची इच्छा होती. मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्याने, म्हणजे एक्झिक्युटरने, हे काम पत्करले. घोडी सांभाळून जे उरेल ते त्याचे, असे न्यायालयाने ठरविले. पण घोडीची आबाळ झाली तर बाकीच्या वारसांस न्यायालयाकडे धाव घेण्याची मुभाही ठेवली.

पुढे १८८९ साली दुसऱ्या एका धन्याने आपले घोडे व शिकारी कुत्रे यांच्यासाठी वर्षास ७५० पौंड ठेवले, आणि ते जगले तर पन्नास वर्षांपर्यंत ते द्यावेत असे लिहिले. त्या काळी ही फार मोठी रक्कम होती. न्यायाधीश नॉर्थ यांनी ही तरतूद मान्य केली. परंतु मान्य केली म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. विश्वस्ताची इच्छा असेल तर त्याने हा पैसा जनावरांवर खर्चावा, त्यास कोणी अडवू शकत नाही. त्याची इच्छा नसेल, तर त्याच्यावर सक्ती करणाराही कोणी नाही; मग तो पैसा उरलेल्या मालमत्तेच्या वारसांकडे जातो. कायद्याच्या पंडितांनी ह्यास अपूर्ण बंधनाचा न्यास असे नाव दिले आहे.

काळाचीही मर्यादा आहे. खाजगी मालमत्ता एकाच कामी अनंत काळ अडकवून ठेवू नये, म्हणून इंग्लंडच्या जुन्या नियमाने अशी तरतूद हयात असलेल्या एखाद्या व्यक्तीच्या आयुष्यापुरती आणि त्यानंतर २१ वर्षांपर्यंतच चालू शकते. १९३२ साली आयर्लंडात कुत्र्यांसाठी ठेवलेल्या पैशाचा प्रश्न आला, तेव्हा न्यायाधीश मेरेडिथ यांनी स्पष्ट केले की ह्या नियमातील आयुष्य म्हणजे मनुष्याचे आयुष्य होय. कुत्र्यामांजरांच्या आयुष्यावरून काळ मोजावयाचा नाही. १९५२ साली आणि पुन्हा १९५९ साली इंग्लंडच्या न्यायालयांनी बजावले की पाळीव प्राणी, कबरींची निगा व स्मारके अशा जुन्या मोजक्या सवलती आहेत तेवढ्या राहू द्या. त्यांत आता नवीन भर नको.

मिस्सा आणि हाच कायदा

ह्या मोजक्या सवलतींच्या यादीत कायद्याचे ग्रंथकार आणखी एक गोष्ट घालीत असत. ती म्हणजे मृतांच्या आत्म्यांसाठी मिस्सा. कॅथलिक वाचकांस हे वाचून नवल वाटेल. धर्मक्रांतीनंतरच्या इंग्लंडात तर आधी ह्याहूनही वाईट स्थिती होती. मिस्सासाठी ठेवलेला पैसा म्हणजे अंधश्रद्धेसाठी ठेवलेला पैसा असे समजून १८३५ साली तेथील न्यायालयाने अशी देणगी रद्द ठरविली, आणि पाऊणशे वर्षांहून अधिक काळ तो निर्णय चालू राहिला. अखेर १९१९ साली, एका आयरिश कॅथलिक गृहस्थाच्या मृत्युपत्रावरून निघालेल्या दाव्यात, हाउस ऑफ लॉर्ड्सने तो अन्याय दूर केला. त्या गृहस्थाने वेस्टमिन्स्टर कॅथीड्रलला व लंडनच्या येशूसंघीय धर्मगुरूंना मिस्सासाठी पैसे ठेवले होते. ते वैध ठरले.

आपल्या देशात मात्र इंग्लंडचा हा अंधश्रद्धेचा नियम लागू नाही, असे मद्रासच्या उच्च न्यायालयाने १८९२ सालीच सांगितले होते. तरी येथेही एक अडचण होतीच. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यातील ११८ व्या कलमाप्रमाणे, ज्यास पुतण्या, भाचा किंवा त्याहून जवळचा नातलग आहे अशा ख्रिस्ती मनुष्याने धार्मिक किंवा धर्मादाय कामासाठी काही ठेवावयाचे, तर मृत्युपत्र मृत्यूच्या निदान बारा महिने आधी केलेले असले पाहिजे व सहा महिन्यांच्या आत ते कायद्याने ठरविलेल्या जागी जमा केलेले असले पाहिजे, अशी अट होती. केरळातील फादर जॉन वल्लमट्टम यांनी ह्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, आणि २००३ च्या जुलैमध्ये ते कलम घटनाबाह्य म्हणून रद्द झाले. आज कोणत्याही ख्रिस्ती मनुष्यास आपल्या मृत्युपत्रात मिस्सासाठी, गरिबांसाठी किंवा देवळासाठी पैसा ठेवण्यास त्या कलमाची आडकाठी उरलेली नाही. ही गोष्ट अजून पुष्कळांस ठाऊक नाही, म्हणून येथे मुद्दाम सांगितली.

अमेरिकेने काढलेली वाट

अमेरिकेत जनावरांच्या प्रश्नावर कायदेमंडळांनीच उपाय शोधला. २००० साली तयार झालेल्या तेथील नमुना न्यास कायद्याच्या ४०८ व्या कलमात असे आहे की न्यास करणाऱ्याच्या हयातीत जिवंत असलेल्या जनावराच्या संगोपनासाठी न्यास करता येतो. त्यांतील शेवटचे जनावर मेले की तो संपतो. तक्रार कोण करील, ह्या जुन्या प्रश्नाचे उत्तरही तेथेच दिले आहे. न्यासपत्रात एखाद्या मनुष्यास देखरेखीसाठी नेमावे. नेमला नसेल तर न्यायालय नेमील. म्हणजे गाईला वकील देता येत नाही, पण तिच्या वतीने बोलणारा मनुष्य देता येतो. राज्याराज्यांनी आपापल्या परीने असे कायदे केले. २०१६ साली मिनेसोटाने कायदा केला आणि एकही राज्य मागे राहिले नाही.

त्याच कलमात आणखी एक शहाणपणाची गोष्ट आहे. ठेवलेली रक्कम गरजेपेक्षा अधिक आहे असे दिसले, तर न्यायालय ती कमी करू शकते. न्यूयॉर्क राज्याच्या कायद्यातही असा अधिकार आहे, आणि त्याचा उपयोग जगभर गाजला. हॉटेलांच्या मालकीण लिओना हेल्म्सली २००७ साली वारल्या. त्यांनी आपल्या ‘ट्रबल’ नावाच्या लहानशा कुत्रीसाठी १ कोटी २० लक्ष डॉलर ठेवले, आणि आपल्या दोन नातवंडांस मात्र काहीच दिले नाही. २००८ साली न्यायाधीशांनी कुत्रीची रक्कम २० लक्ष डॉलरवर आणली. ट्रबल २०१० च्या डिसेंबरात मेली. तोपर्यंत तिच्या सांभाळापेक्षा तिच्या रक्षणासाठी ठेवलेल्या पहारेकऱ्यांवरच अधिक खर्च झाला होता.

आपल्या देशातील स्थिती

हिंदुस्थानात १८८२ चा भारतीय न्यास कायदा आजही चालू आहे. त्याच्या सहाव्या कलमाप्रमाणे न्यासाचा हेतू, त्याचा हिताधिकारी आणि त्याची मालमत्ता ह्या सर्व गोष्टी निश्चित असाव्या लागतात. आणि नवव्या कलमाप्रमाणे मालमत्ता धारण करण्यास जो समर्थ आहे तोच हिताधिकारी होऊ शकतो. जनावर हे कायद्याच्या दृष्टीने स्वतःच मालमत्ता आहे. २०१८ साली उत्तराखंडाच्या उच्च न्यायालयाने प्राणिमात्रास कायद्याने व्यक्ती मानावे असे म्हटले. परंतु तेवढ्याने गाईच्या नावे बँकेत खाते उघडता येईल असे कोणी समजू नये. अमेरिकेसारखे खास कलम आपल्याकडे नाही.

सार्वजनिक धर्मादाय कामाची गोष्ट वेगळी. सर्वच भाकड व बेवारशी जनावरांसाठी पैसा दिला, तर तो लोकोपयोगी न्यास ठरतो आणि पिढ्यानपिढ्या चालू शकतो. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या पुढाकाराने १८३४ साली निघालेले मुंबईचे पांजरपोळ हे ह्याचे ठळक उदाहरण. त्यापूर्वी दोनच वर्षे, १८३२ साली, रस्त्यावरील कुत्री मारण्याच्या हुकुमावरून मुंबईत दंगा उसळला होता. परंतु पांजरपोळास देणगी देणे निराळे आणि आपल्या दारच्या एका विशिष्ट गाईची तरतूद करणे निराळे.

मग मार्गच नाही काय? आहे, पण तो जनावराच्या नावाने नव्हे, तर मनुष्याच्या नावाने जातो. २०२४ साली दिवंगत झालेल्या श्री. रतन टाटा यांच्या मृत्युपत्रात त्यांच्या पाळलेल्या प्राण्यांच्या सांभाळासाठी रक्कम ठेवल्याचे वृत्तपत्रांतून आले, तेव्हा पुष्कळांस वाटले की हे मोठ्यांचेच काम. वस्तुतः नीट लिहिलेले साधे मृत्युपत्र असेल, तर गरिबासही ते करता येते.

लिहिताना काय जपावे

पहिली गोष्ट म्हणजे सांभाळणारा मनुष्य आधी निवडावा, त्यास विचारावे आणि त्याने होकार दिल्यावरच त्याचे नाव लिहावे. मनाविरुद्ध गळ्यात पडलेल्या जनावराचे हाल होतात. जनावर ही मालमत्ता असल्यामुळे ते त्या मनुष्यास मृत्युपत्राने देता येते.

दुसरी गोष्ट भाषेची. ‘माझ्या भाच्यास ५० हजार रुपये देत आहे, त्याने ते माझ्या गाईवर खर्चावेत’ असे लिहिले, तर उत्तराधिकार कायद्याच्या १३८ व्या कलमाप्रमाणे भाच्यास पैसा पूर्णपणे मिळतो आणि गाईची सूचना नुसती कागदावर राहते. त्याऐवजी रक्कम एका विश्वस्ताकडे द्यावी आणि असे लिहावे की गाय अमुक मनुष्याच्या घरी जिवंत असून नीट सांभाळली जाते तोपर्यंत त्या मनुष्यास दरमहा अमुक रुपये द्यावेत; त्याने हयगय केली तर गाय व तो हप्ता दुसऱ्या अमुक मनुष्याकडे जावा; आणि गाय मेल्यावर उरलेली रक्कम कोणास द्यावी तेही सांगावे. अशा रचनेत हिताधिकारी मनुष्य आहे, म्हणून न्यास उभा राहतो.

तिसरी गोष्ट, पैसा सांभाळणारा आणि जनावर सांभाळणारा हे दोघे वेगळे असावेत. आणि जनावर मेल्यावर ज्यास पैसा मिळणार, त्याच्याकडे ते सांभाळण्यास मुळीच देऊ नये. शक्य तर गुरांच्या डॉक्टरासारख्या, ज्याचा काही लाभ नाही अशा मनुष्याने वर्षातून एकदा पाहून जावे असे लिहावे. जनावराची ओळखही लिहावी, म्हणजे मेलेल्याच्या जागी दुसरे उभे करून हप्ता घेण्याचा मोह कोणास होणार नाही. गुरांच्या कानातील सरकारी बिल्ल्यावर बारा आकडी क्रमांक असतो, तो ह्या कामी उपयोगी पडतो.

चौथी गोष्ट मृत्युपत्राच्या रीतीची. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. ज्यास मृत्युपत्रात काही मिळावयाचे आहे त्याने, किंवा त्याच्या पत्नीने अथवा पतीने, साक्षीदार होऊ नये. ख्रिस्ती मनुष्याच्या मृत्युपत्रात तसे झाले तर मृत्युपत्र टिकते, पण त्याची देणगी बुडते. धर्मगुरूंच्या नावे काही ठेवावयाचे असेल, तर त्यांची सही साक्षीदार म्हणून घेऊ नये. मृत्युपत्र केल्यावर लग्न झाले तर ते आपोआप रद्द होते, हेही विधुरांनी व विधवांनी ध्यानात ठेवावे. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी.

गोव्यातील वाचकांसाठी एक वेगळी सूचना. तेथे पोर्तुगीज दिवाणी कायद्याची परंपरा चालू असून वारसाहक्कासाठी आता गोव्याचा २०१२ चा कायदा लागू आहे. मुलेबाळे असलेल्या मनुष्यास आपल्या हिश्शाच्या अर्ध्याच भागाची मृत्युपत्राने व्यवस्था लावता येते. उरलेला अर्धा त्यांचा हक्काचा आहे. जी काही तरतूद करावयाची ती ह्या मोकळ्या अर्ध्यातूनच करावी, आणि तेथील नोटरीसमोर करावी.

पाचवी गोष्ट कायद्याची नव्हे, शहाणपणाची. मृत्युपत्र उघडून त्याचा अंमल होईपर्यंत महिने जातात. दाव्यास बांधलेले जनावर दोन दिवसही थांबू शकत नाही. म्हणून शेजाऱ्यास आधीच सांगून ठेवावे, आणि पहिल्या महिन्याच्या वैरणीपुरते पैसे हयातीतच त्याच्याकडे द्यावेत. जनावरास उपाशी-तहानेले टाकून देणे हा १९६० च्या प्राण्यांविरुद्ध क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे अपराध आहे, हे वारसांनीही विसरू नये. पिंजऱ्यातील देशी पोपटाची मात्र तरतूद करू नये. तो पाळणेच १९७२ च्या वन्यजीव कायद्याने मना आहे.

आधी कोण, मागून कोण

पवित्र शास्त्राने मळणी करणाऱ्या बैलाचे तोंड बांधू नये असे सांगितले आहे. तोबीताच्या ग्रंथात तोबियास दूतासह प्रवासास निघतो, तेव्हा त्याचा कुत्राही त्यांच्यामागून जातो. मठाधिपती संत अंतोनी यांच्या सणास, १७ जानेवारीला, गुराढोरांस आशीर्वाद देण्याची प्रथा ख्रिस्तसभेत पुरातन आहे. प्राणी देवाने निर्माण केलेले आहेत आणि त्यांना विनाकारण दुःख देणे मनुष्यास शोभत नाही, ही ख्रिस्तसभेची शिकवण आहे. परंतु तीच शिकवण पुढे सांगते की मानवाचे दुःख निवारण्यासाठी जो पैसा आधी जावयास हवा तो जनावरांवर उधळू नये, आणि मनुष्यास देण्याची माया जनावरास देऊ नये.

यास्तव मृत्युपत्र लिहिताना क्रम असा असावा. आधी देणी फेडावीत. गड्याची थकलेली मजुरी, शेजाऱ्याकडून घेतलेले उसने, सोसायटीचे कर्ज ही आधी. मग पत्नी, मुले आणि घरातील दुबळे माणूस. मग गरीब आणि आत्म्यासाठी मिस्सा. त्यानंतर, जे थोडे लागेल तेवढे, त्या मुक्या सेवकासाठी. मुलावर राग धरून कुत्र्यास पैसा ठेवणे हे कुत्र्यावरील प्रेम नव्हे. तो मृत्युपत्रात लिहून ठेवलेला राग होय. असा राग मनात असेल तर आधी मुलास पत्र लिहावे, आणि मृत्युपत्र मागाहून करावे.

दोनशे वर्षांत इतके न्यायाधीश बसले, इतके कायदे झाले, पण गाय काही न्यायालयात उभी राहिली नाही. तिच्यासाठी ठेवलेला पैसा तिच्या मुखी जाणे शेवटी एका मनुष्याच्या सचोटीवरच अवलंबून राहिले. आत्म्यांसाठी ठेवलेल्या मिस्साचेही तसेच आहे. मृतास उठून हिशेब विचारता येत नाही. ज्या वारसांच्या वा विश्वस्तांच्या हाती असा पैसा आला असेल, त्यांनी आजच आपली वही उघडून पाहावी, आणि राहिलेला मिस्सा किंवा राहिलेली वैरण असेल तर ह्याच आठवड्यात ती पुरी करावी.